आठवीचं माप

"चौथी ना? आठवीचं माप टाक रे खाली!" दुकानदार माळ्यावरच्या पोऱ्याला ओरडून म्हणाला. कुचेष्टा नव्हती त्यात. जूनचा पहिला आठवडा, बाहेर भुरभुर पाऊस, आत ओल्या छत्र्यांचा आणि खळीच्या कापडाचा वास, काउंटरला आयांची तिहेरी रांग. तो माणूस सकाळपासून मापंच ओरडत होता, त्यातलंच हे एक. वरून पिशवी धपकन पडली. माझा भाचा (वय वर्षं नऊ, नाव लिहीत नाही, मोठा होऊन वाचेल आणि माझ्याशी बोलायचा नाही) तोवर शेजारच्या मुलीला आपले पावसाळी बूट दाखवत होता. तो गप्प झाला. दोन्ही हातांनी त्यानं टी-शर्ट पोटावरून खाली ओढला आणि तसाच धरून उभा राहिला. कपडे घालून बघायला एक पडदा होता, त्याच्याआडून इतक्या हळू आवाजात "आत्या, बटण लागत नाही" आलं, की मला दोनदा विचारावं लागलं. शेवटी आठवीची पँट कमरेला बसली आणि खाली वीतभर लोळायला लागली. "खालून कापून घ्या, शिंपी कुणीही करून देईल," दुकानदार म्हणाला आणि पुढच्या आईकडे वळला.

रिक्षात तो बाहेर बघत बसला. रोज प्रश्न विचारून डोकं उठवणारं पोर, एक शब्द नाही. मला ते बघवेना. कोपऱ्यावर टपरी दिसली तशी मी रिक्षा थांबवली आणि दहा रुपयांचा चिप्सचा पुडा आणून त्याच्या हातात दिला. दोन मिनिटांत गाडी रुळावर आली. "आत्या, यात टॅटू निघतो."

मीच घेऊन दिला. दुसऱ्या कुणी नाही.

तेव्हापासून हे माझ्या डोक्यातून जात नाही, आणि विचार करायला लागले की आधी शब्दच अडवतात. आपल्या भाषेत लहान मुलाच्या लठ्ठपणाला दोष देणारा शब्द पटकन सापडत नाही, सगळी कौतुकंच आहेत. बाळसं धरलंय. गुटगुटीत आहे. लोण्याचा गोळा. खात्यापित्या घरचा दिसतो. आणि मग कधीतरी, नेमकं कुठल्या इयत्तेत ते कुणालाच कळत नाही, त्याच अंगाला 'ढोल्या' म्हणायला सुरुवात होते. आम्ही मूळचे वाईचे. कृष्णेच्या घाटावरच्या आमच्या गणपतीचं नावच ढोल्या गणपती; लहानपणी परीक्षेला जाताना त्याच्यापुढे हात जोडायचे आणि त्या विस्तीर्ण पोटाकडे बघून धीर यायचा. भाच्याला वर्गात कुणी ढोल्या म्हणतं हे मला दुकानातून आल्यावर, रात्री, त्याच्या आजीकडून कळलं. म्हणजे ते पडद्याआडचं बारीक झालेलं तोंड त्या दिवसाचं नव्हतंच.

हा मुलगा जन्मला तेव्हा दोन किलो चारशे ग्रॅम भरला होता. माझी आई दवाखान्यातून आली ती "मुठीएवढा आहे गं" म्हणत डोळे पुसतच. पुढची तीन वर्षं आमच्या घरात एकच राष्ट्रीय कार्यक्रम होता, तो म्हणजे त्याच्या अंगाला लागणं. वरणभातावर तूप, नाचणीच्या सत्त्वात गूळ, खारीक-बदामाची पूड, चिऊचा घास, काऊचा घास, आणि घास संपेनात म्हणून शेवटी मोबाइलवरची गाणी. तो खायचा आणि आम्ही जिंकल्यासारखे एकमेकांकडे बघायचो. तिसऱ्या वर्षी सोसायटीच्या गणपतीत सुदृढ बालक स्पर्धेत त्याला दुसरं बक्षीस मिळालं. तो फोटो अजून टीव्हीच्या कपाटावर आहे. गालाला काळी तीट, हातात प्लास्टिकचा कप, मागे आई. माझी आई, म्हणजे ज्या बाईनं त्याला मुठीएवढा बघितला होता ती, त्या फोटोत स्पर्धा स्वतःच जिंकल्यासारखी उभी आहे. तिची चूक काढायला माझी जीभ उचलत नाही.

गंमत अशी, की तिला जी भीती वाटत होती आणि आम्हाला आता जी वाटते, त्या दोन्हींचा धागा आमच्याच पुण्यात कुणीतरी शोधून ठेवला होता. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांचा, त्यांच्या गर्भारपणाचा आणि मग त्यांच्या मुलांचा माग ठेवला. ती बाळं सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडात साउदम्प्टनला जन्मलेली 3.5ची. आपली हडकुळी दिसतात; पण मोजून बघितलं तर कमी असतात ते स्नायू, चरबी बहुतेक तेवढीच. बारीक दिसणारं, आतून लठ्ठ बाळ. पुढे 2004मध्ये याज्ञिकांनी युडकिन नावाच्या एका ब्रिटिश डॉक्टरसोबत स्वतःचाच फोटो 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, अगदी सारखा, 22.3. शरीरातली चरबी मात्र युडकिनच्या अंगात 9.1 टक्के आणि आपल्या पुणेकराच्या अंगात 21.2. तो फोटो मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा हसू आलं होतं. आता टीव्हीवरचा कपवाला फोटो बघितला की तोही शेजारी दिसायला लागतो. आईच्या पोटात ज्याला पुरेसं मिळालं नाही, त्याचं शरीर काटकसर शिकून येतं, आणि नेमक्या अशाच शरीराला आपण बाहेर आल्यावर पाच-पाच रुपयांच्या पुड्यांच्या माळेखाली उभं करतो. 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची 35 टक्के मुलं वयाच्या मानानं खुजी निघाली, आणि त्याच पाहणीत त्याच वयातली जास्त वजनाची मुलं आधीच्या 1.9 टक्क्यांवरून 4.1 टक्क्यांवर गेली. मला वाटायचं, ही दोन वेगवेगळ्या महाराष्ट्रांची मुलं आहेत. आता तसं वाटत नाही.

त्या जूनमध्ये मी भाच्याला शाळेतून आणायला आठवडाभर जात होते. शाळेच्या भिंतीवर पिवळी पाटी आहे: शंभर यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकायला बंदी. ती मी पूर्वीही वाचली होती. पण चरबी, मीठ, साखर भरपूर असलेले पदार्थ शाळेच्या आवारात आणि फाटकापासून पन्नास मीटरपर्यंत विकायचे नाहीत, त्यांची जाहिरातही करायची नाही, असा नियम अन्नसुरक्षा प्राधिकरणानं 2020मध्ये काढलाय, त्याची पाटी कुठेच नव्हती. म्हणून एके दिवशी शाळा सुटायच्या आधी मी फाटकापासून पावलं मोजत निघाले. पन्नास मीटर म्हणजे माझी सत्तरेक पावलं. अठराव्या पावलाला पहिली टपरी आली. तिसाव्याला स्टेशनरीचं दुकान, ज्यात वह्या मागे आणि पुडे पुढे. साठ पूर्ण व्हायच्या आत बेकरी. मुलांच्या डोळ्यांच्या उंचीला बरोब्बर माळा सोडलेल्या, लाल, निळ्या, चकचकीत हिरव्या, वाऱ्यानं सळसळणाऱ्या. मी खाली वाकून बघितलं, खरंच सांगते, गुडघ्यावर हात ठेवून भाच्याच्या उंचीची झाले. तिथून रस्त्याची दुसरी बाजू दिसतच नव्हती.

आमच्या शाळेबाहेर एक म्हातारी बसायची. गोणपाटावर चन्यामन्या बोरं, चिंचा, आवळे, मिठात मुरलेल्या कैरीच्या फोडी, कागदाच्या पुडीत तिखटमीठ. दहा पैशांची बोरं घेतली की मूठभर जास्त. आता या आठवणीला फार वर चढवू नये, कारण तिच्या बरणीत लिमलेटच्या गोळ्याही होत्या आणि तिच्या त्या गोणपाटावर माश्याही भरपूर असायच्या. पोरंही गारेगारच्या गाडीमागे धावायचीच, त्या रंगानं जीभ लाल झाली की आरशात बघत बसायचं. आम्ही काही संयमाचे पुतळे नव्हतो. फक्त एवढंच होतं, की संक्रांत सरली की बोरं सरायची, मग कैरी येईपर्यंत वाट बघायची. आणि आमच्या पोटासाठी कुणी कार्टून काढत बसलेलं नव्हतं.

अठराव्या पावलावरच्या टपरीतल्या बाईंशी मी बोलायला लागले ती खरं तर भांडायच्या तयारीनं. "मावशी, फळं का नाही ठेवत?" त्या हसल्या. "ठेवायचे की. दहा वर्षं पेरूच विकले हितं." मग त्यांनी मला जो हिशोब सांगितला तो माझ्या वाचनात कधी आला नव्हता. पेरू संध्याकाळपर्यंत खपला नाही तर नुकसान त्यांचं. पुडा खपला नाही, तारीख उलटली, तर एजंट बदलून देतो. पेरू आणायला पहाटे मार्केट यार्डात जायचं. पुडे टपरीपर्यंत येतात, लटकवायचं स्टँडही कंपनीच देते. "आणि ताई, पेरू आता वीसला एक. पोराच्या हातात असतात पाच रुपये. पाच रुपयात मी काय देऊ त्याला, फोड?" वर अतिक्रमणवाल्यांची गाडी आली की हातगाडीवरचा पेरू उचलून नेतात, शटरवाल्या दुकानाला कोण हात लावतंय. मी नियमाचं बोलले. पन्नास मीटर ऐकून त्यांनी फाटकाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "म्हणजे परत मलाच उठवनार ना?"

मला उत्तर सुचलं नाही. एक पेरू घेतला असता तर बरं वाटलं असतं, पण पेरू नव्हता.

त्याच रात्री मी भावाच्या घरी जेवायला होते आणि नको ते बोलून गेले. "डब्यात काय देतेस गं त्याला?" एवढंच विचारलं. माझी भावजय सकाळी आठला घर सोडते, संध्याकाळी सातला येते. मधे पाऊण तास हिंजवडीच्या वाहतुकीत उभी. तिनं ताट खाली ठेवलं. "ताई, डब्यात पोळीभाजी असते. तुमच्या आईंनी केलेली. ती तो खातो. शाळा साडेतीनला सुटते, व्हॅन चारला येते. तो अर्धा तास कुणाच्या डब्यात येतो सांगा. शाळेला मैदान होतं, तिथं नवी इमारत झाली. सोसायटीत खेळलं की गाड्यांना बॉल लागतो म्हणून नोटीस येते. वाढदिवस झाला की वर्गात चॉकलेट, उत्तर बरोबर आलं की चॉकलेट, पाहुणे आले की..." ती थांबली. पाहुणे म्हणजे मी. दर वेळी दारातच "आत्या, काय आणलंस?" होतं, आणि मी कधी हात हलवत गेलेले नाही. भाऊ खाली मान घालून आमटी ओरपत होता. एवढ्या सगळ्या चर्चेत त्याला डब्याबद्दल कुणी काही विचारलं नव्हतं, हेही माझ्या घरी आल्यावर लक्षात आलं.

एका मुलाच्या पोटाचा हिशोब आपण किती पटकन एका बाईच्या पदरात टाकून मोकळे होतो. शाळेच्या कँटीनमधून चिप्स, नूडल्स, कोल्ड्रिंक, पिझ्झा, बर्गर हद्दपार करायचा शासन निर्णय आपल्याकडे 2017मध्येच निघालाय. चांगला आहे तो. पण कँटीन नसलेल्या शाळेला तो लागू होऊन न होऊन सारखाच, आणि फाटकाबाहेरच्या साठ पावलांचं तो काहीच करत नाही. 2025च्या मे महिन्यात सीबीएसईनं शाळांना साखरेचे फलक लावायला सांगितले. भाच्याच्या शाळेतही लागला, जिन्याशेजारी. कोल्ड्रिंकच्या बाटलीखाली साखरेचे चमचे काढलेत, मुलांनी स्वतः रंगवलेत, सुंदर आहे. भाच्यानं मला तो बोट ठेवून समजावून सांगितला, सगळे आकडे पाठ. त्या फलकावर वर्गात प्रश्नमंजूषाही झाली, त्यात त्याचा गट पहिला आला. बक्षीस काय, तर चॉकलेट. त्यालाही त्यातली मेख कळली होती, कारण सांगताना तो माझ्याकडे तिरका बघून हसत होता.

आणि त्याच वर्षी, ऐन घटस्थापनेला, 22 सप्टेंबरला जीएसटीचे नवे दर लागू झाले. कशाकशाचं काय झालं ते सगळ्यांनी आपापल्या सोयीनं वाचलं. मी वाचलं की बिस्किटं, चॉकलेट, आइसक्रीम, फरसाण, नूडल्स सगळं पाच टक्क्यांवर आलं. गार फसफसती पेयं तेवढी चाळीसवर राहिली. मग पाच-दहा रुपयांच्या पुड्याची किंमत चार पंचेचाळीस-आठ नव्वद अशी मोडकी कशी करायची, सुटे कुठून आणायचे, म्हणून बऱ्याच कंपन्यांनी किंमत तीच ठेवून आतला माल वाढवायचं ठरवलं. ग्राहकाचा फायदाच की! माझ्या आईनंही ऐकून "बरं झालं" म्हटलं. मला मात्र पाच रुपये मुठीत धरून अठराव्या पावलाला उभा असलेला भाचा दिसला, ज्याला सरकारनं भिंतीवर फलक लावून सांगितलं होतं की कमी खा, आणि त्याच वर्षी पुड्यात चार जास्त टाकायची सोयही करून दिली. पेरूचं कुणी काही केलं नाही. त्याच वर्षी जानेवारीत राज्यानं शाळेच्या पोषण आहारातल्या अंड्यांचा पैसाही बंद केला. हवी तर लोकसहभागातून द्या, असं ठरलं. आमचे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. ते असते तर 'लोकसहभाग' हा शब्द ऐकून त्यांनी चष्मा काढून पुसला असता, ही त्यांची शिवी होती.

करांनी काही होत नाही असंही नाही. ब्रिटनमध्ये साखरेच्या पेयांवरचा कर 2018च्या एप्रिलमध्ये लागला, पण जाहीर दोन वर्षं आधी झाला होता. त्या दोन वर्षांतच कितीतरी कंपन्यांनी गुपचूप साखर कमी करून टाकली. मुलांना फलक पाठ करावा लागला नाही, आईला ताट खाली ठेवून भांडावं लागलं नाही. चिलीमध्ये 2016पासून साखर, मीठ, चरबी जास्त असलेल्या पुड्यावर काळा अष्टकोन छापतात आणि असा अष्टकोन असलेल्या डब्यावर मुलांना भुलवणारी चित्रं चालत नाहीत. तिथल्या कॉर्नफ्लेक्सच्या खोक्यावरून तो ओळखीचा वाघ निघून गेला. आपल्याकडे 2022च्या मसुद्यात पुड्यावर तारे द्यायचं घाटत होतं, अर्ध्यापासून पाचपर्यंत. पुढे त्यावर वाद झाले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. त्या वादातलं फार तांत्रिक मला समजत नाही. पण भाच्याच्या वहीत बाई तारे देतात. एक तारा मिळाला तरी तो घरी येऊन दाखवतो. तारा ही शाबासकी असते, हे नऊ वर्षांच्या कुठल्याही मुलाला विचारा.

मी स्वतः काय केलं, तर फार काही नाही. आता जाताना पुडा नेत नाही. पहिल्या वेळी राजगिऱ्याच्या वड्या नेल्या, त्यानं शिष्टासारखं "थँक यू आत्या" म्हटलं आणि डबा आजीकडे दिला. दुसऱ्या वेळी बोरं मिळाली, ती मोठी, कापसासारखी, बेचव कलमी बोरं. ती मलाच खाववली नाहीत. टपरीवाल्या मावशींना मी एकदा म्हटलं, आम्ही चार-पाच पालक मिळून रोज ठरावीक फळं घेतो, उरली तर पैसे आमचे. त्या म्हणाल्या बघू. पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर भावजयीनं टाकलं, तीन अंगठे आले आणि लगेच खाली कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक. हे लिहीपर्यंत तरी गाडी 'बघू'वरच आहे. शाळेला पन्नास मीटरबद्दल पत्र लिहायला बसले, तर दर वेळी "म्हणजे परत मलाच उठवनार ना" आडवं येतं, आणि ते पत्र मी अजून दिलेलं नाही. यात माझा भित्रेपणा किती आणि विचार किती, हे मलाही नीट सांगता येणार नाही.

दिवाळीच्या सुट्टीनंतर पँट कमरेत परत दाटायला लागली. आमच्या गल्लीतल्या शिंप्याकडे घेऊन गेले, ज्यानं जूनमध्ये ती खालून वीतभर कापली होती. भाचा सोबत होता. शिंप्यानं पँट उलटी केली, मागची शिवण अंगठ्यानं दाबून बघितली, चष्मा कपाळावर चढवला. "दोन बोटं माया आहे आत. सोडतो." ब्लेडनं त्यानं टाके उसवले. बाहेरची निळी धुऊन धुऊन विटली होती, आतून निघालेली पट्टी जूनमधल्यासारखी गडद, कोरी. भाचा वाकून बघत होता. "एवढी होती आत?" त्यानं विचारलं. "असतेच," शिंपी म्हणाला, "पण एकदाच सोडता येते. पुढच्या खेपेला उरायची नाही." समोरच्या किराणा दुकानात माळा वाऱ्यानं सळसळत होत्या. माझ्या पर्समध्ये सुटे होते, आणि ते मला माहीत होतं तसं त्यालाही माहीत होतं. त्यानं टी-शर्ट पोटावरून खाली ओढला, मग सोडून दिला, आणि आम्ही दोघं बाकड्यावर बसून मशीन सुरू व्हायची वाट बघू लागलो.